टॉमकॅट अडकला की आधी काय बघायचं

मराठवाड्यात ‘सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेटर पाहिजे’ अशी जाहिरात सहसा दिसत नाही. काम मात्र जिल्ह्याजिल्ह्यात आहे. लातूरच्या एखाद्या क्लासची ऑनलाइन टेस्ट घेणारी साइट, बीडकडच्या पतसंस्थेचं खातेदारांचं सॉफ्टवेअर, जालन्यातल्या बियाणं कंपनीची डीलरच्या ऑर्डरी घेणारी यंत्रणा, एखाद्या साखर कारखान्याची ऊसनोंद. यातलं काही ना काही जावात लिहिलेलं आणि टॉमकॅट नावाच्या सर्व्हर-सॉफ्टवेअरवर चालणारं निघतं. ते पुण्याहून कुणीतरी बनवून दिलेलं असतं, देखभालीचा करार संपलेला असतो, आणि ‘तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, मग तेवढा सर्व्हर पण बघत जा’ म्हणून ते बीसीए नाहीतर एमसीए झालेल्या एखाद्या पोराच्या गळ्यात पडतं. हा लेख त्या पोरासाठी आणि पोरीसाठी. थोडीफार जावा येते आणि लिनक्सवर चार कमांडा चालवता येतात, एवढं धरून चालतो.

अशा ठिकाणी सर्व्हर सांभाळायची एकच रीत पडून गेलेली असते. फोन येतो, ‘सर, साइट उघडना गेलीय.’ रीस्टार्ट मारला जातो. साइट उघडते. चार दिवसांनी तोच फोन, तोच रीस्टार्ट. मग कुणीतरी हुशारी करून रोज पहाटे चार वाजता आपोआप रीस्टार्ट होईल अशी सोय करून ठेवतो, आणि दुखणं आणखी खोल जातं. साइट कशानं अडकली याचा पुरावा चालू प्रोसेसच्या मेमरीत असतो. रीस्टार्ट केला की तो पुसला. त्यामुळं शिकायचं असेल तर सेटिंगांची यादी पाठ करू नका. ‘या घडीला रिक्वेस्ट नेमकी कुठं थांबलीय?’ या एका प्रश्नाचं उत्तर काढायला शिका. बाकीचं त्याच्या मागोमाग येतं.

टॉमकॅट म्हणजे काय, थोडक्यात

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी सर्व्हलेट (वेबवरच्या रिक्वेस्टला उत्तर देणारा जावाचा प्रोग्राम) कसं चालवायचं याचा नमुना म्हणून हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. १९९९ मध्ये ते अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडं गेलं आणि तेव्हापासून फुकट आणि मुक्त आहे. जावात लिहिलेलं वेब ॲप्लिकेशन स्वतःहून ब्राउझरशी बोलत नाही. ब्राउझरकडून आलेली एचटीटीपी रिक्वेस्ट घ्यायची, योग्य सर्व्हलेटच्या हाती द्यायची, उत्तर परत पाठवायचं, हे मधलं काम टॉमकॅट करतो.

लॉगमध्ये तीन नावं सारखी दिसतील. कोयोटी म्हणजे बाहेरचं कनेक्शन घेणारा भाग, कॅटालिना म्हणजे सर्व्हलेट चालवणारा गाभा, आणि जॅस्पर म्हणजे जेएसपी पानांचं (एचटीएमएलमध्ये जावा मिसळलेल्या पानांचं) जावात रूपांतर करणारा. एररमध्ये जॅस्पर दिसलं तर आधी जेएसपीकडं बघायचं, कोयोटी दिसलं तर कनेक्शन आणि पोर्टकडं. एवढ्यावरच निम्मी शोधाशोध वाचते.

वाइल्डफ्लाय, वेबलॉजिक, वेबस्फिअर ही मोठी भावंडं. मेसेज क्यू, वितरित ट्रान्झॅक्शन असलं बरंच काही त्यांच्यात आधीच भरलेलं असतं. बँकांत आणि मोठ्या सरकारी कामांत ती भेटतील. पण थ्रेड (एका वेळी एकेक काम उरकणारा प्रोग्रामचा धागा), मेमरी, कनेक्शन पूल (डेटाबेसची आधीच उघडून ठेवलेली कनेक्शनं) आणि लॉग ही चार प्रकरणं सगळीकडं सारखीच, म्हणून सुरुवात टॉमकॅटवर करावी. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कचं ॲप्लिकेशन असेल तर टॉमकॅट सहसा त्याच्या पोटातच असतो. फोल्डर दिसत नाहीत, पण वागणं तेच.

एका रिक्वेस्टचा रस्ता

औशाची एक मुलगी मोबाइलवर टेस्टचा निकाल बघायला बसलीय. तिची रिक्वेस्ट आधी पोर्ट ४४३ वर एनजिनएक्सकडं, म्हणजे टॉमकॅटच्या पुढं बसवलेल्या वेब सर्व्हरकडं, येते. तिथं एचटीटीपीएसचं कुलूप उघडलं जातं आणि रिक्वेस्ट आत पोर्ट ८०८० वर टॉमकॅटकडं जाते. टॉमकॅट एक मोकळा थ्रेड तिच्या कामाला लावतो. तो थ्रेड तुमचा सर्व्हलेट चालवतो. सर्व्हलेटला गुण हवेत, म्हणून तो पूलमधून डेटाबेसचं एक कनेक्शन मागतो, क्वेरी चालवतो, कनेक्शन परत ठेवतो, पान तयार करतो. उत्तर त्याच वाटेनं मागं जातं आणि थ्रेड मोकळा होतो.

आता आकडे. टॉमकॅटमध्ये काही न बदलता जास्तीत जास्त २०० थ्रेड असतात, एकाच वेळी ८,१९२ कनेक्शन धरून ठेवता येतात, आणि त्यापुढची १०० रांगेत थांबतात. हे सोयाबीनच्या हंगामातल्या मोंढ्यावर बसवून बघा. आवारात ८,१९२ गाड्या मावतात, गेटबाहेर १०० गाड्यांची रांग धरली जाते, त्यापुढं आलेल्याला माघारी फिरावं लागतं. आवारातल्या प्रत्येक गाडीपाशी हमाल उभा नसतो. हमाल २०० च आहेत आणि माल उतरवायची वेळ आली की त्यातला एक जातो. म्हणून नुसतं कनेक्शन उघडून बसलेला मोबाइल थ्रेड अडवत नाही. आणि आता डेटाबेसचा पूल म्हणजे वजनकाटे. टॉमकॅटच्या सेटिंग फाइलीत तुम्ही साधा डेटासोर्स लिहिला आणि आकडा दिलाच नाही, तर काटे मिळतात फक्त ८. दोनशे हमाल आणि आठ काटे. निकालाच्या दिवशी साइट अडकली की लोक हमाल वाढवतात, २०० चे ५०० करतात. काट्यापुढची गर्दी तेवढीच वाढते.

त्याच्या पुढची गंमत अशी की या पूलमध्ये काटा मोकळा होईपर्यंत किती वेळ थांबायचं याला मुळात मर्यादाच नसते. थ्रेड थांबला की थांबलाच. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, काही नाही. साइट नुसती फिरत राहते. म्हणून नवीन सर्व्हर हाती आला की मी पहिल्यांदा पूलचा कमाल आकडा आणि थांबायची मुदत, हे दोन बघतो. मुदत दहा सेकंद घातली तर निदान अकराव्या सेकंदाला ‘कनेक्शन मिळालं नाही’ अशी चोख एरर लॉगमध्ये पडते. गप्प अडकलेल्या साइटपेक्षा ओरडून पडलेली साइट दुरुस्त करायला कितीतरी सोपी. स्प्रिंग बूटमधला हिकारी पूल याबाबतीत शहाणा आहे. त्यात मुळातच १० कनेक्शन आणि ३० सेकंदांची मुदत असते.

पूल का भरतो? खूपदा गर्दीमुळं नाही, तर कोडमध्ये कुणीतरी कनेक्शन घेतं आणि एरर आली की परत ठेवायचं विसरतं. दिवसाला एकेक कनेक्शन असं हरवत गेलं की आठव्या-नवव्या दिवशी साइट बंद. ‘आठवड्यातून एकदा रीस्टार्ट मारावाच लागतो’ असं ऐकलं की मला आधी हाच संशय येतो. पूलला सोडून दिलेली कनेक्शनं शोधायला आणि ती कुणी घेतली होती ते लॉगमध्ये लिहायला सांगता येतं. त्यासाठी ‘रिमूव्ह अबँडन्ड’ आणि ‘लॉग अबँडन्ड’ अशी सेटिंग आहेत. ती चालू केली की गुन्हेगार ओळीचा नंबर लॉगमध्ये येतो. मग दुरुस्ती कोडमध्येच करायची. जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून, ‘ट्राय विथ रिसोर्सेस’ आहे, आणि त्यात कनेक्शन आपोआप परत जातं.

बाहेरून दिसणारा नंबरही रस्त्यावरची जागा सांगतो. ५०२ आला तर एनजिनएक्स जिवंत आहे, पण मागं टॉमकॅट उत्तरच देत नाही, बहुतेक बंद पडलाय. ५०४ आला तर टॉमकॅट आहे, पण वेळेत उत्तर देईना. एनजिनएक्स मुळात ६० सेकंद वाट बघतो, त्यामुळं बरोबर मिनिटाला एरर येत असेल तर शंकाच नको. ५०० म्हणजे रिक्वेस्ट कोडपर्यंत पोचली आणि कोड फुटला. यातला ५०४ जरा बेरकी आहे. एनजिनएक्सनं हात वर केले तरी टॉमकॅटमधला थ्रेड काम करतच असतो. इकडं माणूस रिफ्रेश दाबतो आणि दुसरा थ्रेड त्याच कामाला जुंपला जातो. निकालाच्या दिवशी लेकरं किती वेळा रिफ्रेश दाबतात ते सांगायला नको.

थ्रेड डंप

थ्रेड डंप म्हणजे त्या क्षणी प्रत्येक थ्रेड कोणत्या ओळीवर उभा आहे याची यादी. रीस्टार्टच्या आधी ही एवढी घेतलीच पाहिजे. दोन वाटा आहेत. जेडीके असेल तर ‘जेस्टॅक’ कमांडला प्रोसेसचा नंबर द्यायचा आणि निघालेलं सगळं फाइलीत वळवायचं. ज्या युजरनं टॉमकॅट चालू आहे त्याच युजरनं ही कमांड चालवा, नाहीतर ती जोडलीच जात नाही. दुसरी वाट म्हणजे ‘किल मायनस तीन’ आणि प्रोसेसचा नंबर. नाव भयंकर असलं तरी यानं जावा मरत नाही. जावा सगळी यादी कॅटालिना डॉट आउट या फाइलीत ओतते आणि परत कामाला लागते. मारणारी ती ‘मायनस नऊ’. दोन्हींत गल्लत करू नका.

डंप एक घेऊन भागत नाही. पाच-दहा सेकंदांच्या अंतरानं तीन घ्या. तिन्हींत तोच थ्रेड त्याच ओळीवर दिसला तर तो अडकलाय. पुढं सरकलेला असेल तर कामात आहे.

आता फाइल उघडली की काय दिसतं? कामाचे थ्रेड ‘एचटीटीपी-एनआयओ-८०८०-एक्झेक’ आणि पुढं नंबर अशा नावाचे असतात. बाकीचे, कचरा उचलणारे आणि टाइमरवाले, तूर्त सोडून द्या. प्रत्येक नावाखाली अवस्था आणि त्याखाली कोडच्या ओळींची उतरंड. ही वरून खाली वाचायची. सगळ्यात वरची ओळ म्हणजे थ्रेड या घडीला जिथं आहे ती जागा.

वरच्या चार-पाच ओळींत ‘टास्कक्यू’ आणि ‘टेक’ किंवा ‘पोल’ दिसलं तर तो थ्रेड रिकामा बसलाय, काम यायची वाट बघतोय. नवशिक्यांना ‘वेटिंग’ हा शब्द बघून धडकी भरते, पण असे दीडशे थ्रेड दिसले तरी चांगलीच गोष्ट आहे. ‘बॉरोऑब्जेक्ट’ दिसलं तर तो कनेक्शन मागत पूलच्या दारात उभा आहे. असे पाच-पन्नास सापडले की रोग कळला, पुढं शोधायची गरज नाही. वर ‘सॉकेट रीड’ आणि खाली मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरचं नाव असेल, तर क्वेरी डेटाबेसकडं गेलीय आणि उत्तर आलेलं नाही. मग टॉमकॅट सोडून डेटाबेसमध्ये जायचं, कोणती क्वेरी किती वेळ चाललीय ते बघायचं. बहुतेकदा इंडेक्स नसलेलं टेबल सापडतं. यात एक खाच आहे. सॉकेटवर थांबलेल्या थ्रेडची अवस्था ‘रनेबल’ अशीच लिहून येते, जणू काही तो धावतोय. अवस्थेवर जाऊ नका, वरची ओळ बघा. आणि ‘ब्लॉक्ड’ लिहिलेलं असेल तर कुणीतरी एक कुलूप धरून बसलाय. त्या कुलपाचा लांबलचक नंबर डंपमध्येच शोधा, ‘लॉक्ड’ म्हणून तो ज्याच्या नावावर आहे तो थ्रेड सापडेल.

उतरंडीत खाली उतरताना तुमच्या ॲप्लिकेशनच्या पॅकेजचं नाव जिथं पहिल्यांदा येतं, त्या ओळीला पेन्सिलनं खूण करा. कोड लिहिणाऱ्या कंपनीला फोन करताना ‘साइट स्लो आहे’ म्हणण्याऐवजी ती ओळ वाचून दाखवली की समोरच्याचा आवाजच बदलतो.

फोल्डर आणि लॉग

‘बिन’मध्ये चालू-बंद करायच्या स्क्रिप्टा, ‘कॉन्फ’मध्ये सेटिंग, ‘वेबॲप्स’मध्ये ॲप्लिकेशन, ‘लॉग्ज’मध्ये नोंदी. ‘वर्क’ आणि ‘टेम्प’ टॉमकॅटच्या कच्च्या कामाचे. जावाला द्यायच्या सूचना ‘बिन’मधल्या ‘सेटएन्व्ह डॉट एसएच’ या फाइलीत लिहा. ती मुळात नसते, आपण बनवायची. मूळ स्क्रिप्टांत हात घातला तर पुढच्या अपग्रेडला सगळं उडून जातं.

लॉगच्या फाइली तीन-चार असतात आणि प्रत्येकीचं काम वेगळं. कॅटालिना डॉट आउटमध्ये ॲप्लिकेशन जे काही छापतं ते सगळं. तारखेच्या कॅटालिना लॉगमध्ये टॉमकॅटचं स्वतःचं चालू-बंद. ‘लोकलहोस्ट’ नावाच्या लॉगकडं कुणी बघत नाही, पण ॲप्लिकेशन चालूच झालं नाही तर खरी एरर नेमकी तिथं असते. कॅटालिनाच्या लॉगमध्ये नुसतं ‘एक किंवा जास्त लिसनर चालू झाले नाहीत, तपशील योग्य लॉगमध्ये बघा’ एवढंच लिहून टॉमकॅट मोकळा होतो. तो ‘योग्य लॉग’ म्हणजे लोकलहोस्टचा. उबंटूवर पॅकेजमधून टॉमकॅट टाकला असेल तर कॅटालिना डॉट आउटऐवजी ‘जर्नलसीटीएल’मध्ये बघावं लागू शकतं.

ॲक्सेस लॉगमध्ये प्रत्येक रिक्वेस्टची एक ओळ असते, पण तिला किती वेळ लागला हे मुळात नोंदवलेलं नसतं. त्याच्या नमुन्यात शेवटी टक्क्याचं चिन्ह आणि कॅपिटल डी जोडा. टॉमकॅट ९ मध्ये तो आकडा मिलिसेकंदात येतो, १० पासून पुढं मायक्रोसेकंदात. कोणतं पान मंद आहे यावरची निम्मी भांडणं त्या एका अक्षरानं मिटतात.

कॅटालिना डॉट आउट स्वतःहून कापली जात नाही, वाढतच जाते. ‘लॉगरोटेट’ला (लॉगच्या फाइली ठरावीक काळानं कापणारं लिनक्सचं साधन) ती सोपवा आणि ‘कॉपीट्रंकेट’ लिहायला विसरू नका. टॉमकॅट ती फाइल उघडी धरून असतो. नुसतं नाव बदललं तर तो जुन्याच फाइलीत लिहीत राहतो. डिस्क भरून बंद पडलेला सर्व्हर बाहेरून भलताच गूढ वागतो. लॉगिन होत नाही, सेशन टिकत नाही, डेटाबेस रुसतो. अडचण काहीही असो, पहिली कमांड ‘डीएफ मायनस एच’, डिस्कवर किती जागा उरलीय ते दाखवणारी. दोन सेकंद लागतात.

मेमरी

जावाला किती मेमरी द्यायची ते ‘एक्सएमएक्स’नं ठरतं. काहीच सांगितलं नाही तर ती मशीनच्या रॅमचा चौथा हिस्सा धरते. ४ जीबीच्या मशीनवर १ जीबी. लोक उत्साहानं ३ जीबी करतात, आणि त्याच मशीनवर मायएसक्यूएलही चालू असतं. शिवाय एक्सएमएक्स म्हणजे फक्त हीप, प्रोग्रामनं बनवलेल्या वस्तू जिथं राहतात तेवढीच मेमरी. थ्रेडचे स्टॅक, क्लासांची माहिती, नेटवर्कचे बफर हे वेगळं लागतं.

मेमरीनं मरण्याचे दोन प्रकार आहेत आणि उपाय उलट आहेत. हीप अपुरी पडली तर लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी एरर’ आणि पुढं ‘जावा हीप स्पेस’ असं स्पष्ट येतं. तेव्हा हीप वाढवायची किंवा गळती शोधायची. पण लॉगमध्ये अवाक्षर नाही आणि प्रोसेस गायब झालीय, असं असेल तर बहुधा लिनक्सनंच रॅम संपली म्हणून तिला मारलंय. ‘डीमेसेज’ या कमांडनं दिसणाऱ्या लिनक्सच्या नोंदींत ‘किल्ड प्रोसेस’ आणि जावाचं नाव सापडेल. तिथं हीप वाढवली तर आणखी लवकर मरेल. कमी करायची, नाहीतर रॅम वाढवायची.

गळती आहे का हे बघायला आलेखाचं टोक बघू नका, तळ बघा. कचरा उचलला गेला की वापर खाली येतो. तो तळ दिवसेंदिवस वर सरकत असेल तर काहीतरी धरून ठेवलं जातंय. ‘हीप डंप ऑन आउट ऑफ मेमरी एरर’ हा पर्याय सेटएन्व्हमध्ये आजच घालून ठेवा. वेळ आली की फाइल आपोआप तयार होते, आणि एक्लिप्सचं मेमरी ॲनालायझर ती उघडून सगळ्यात जाडजूड वस्तू कोणती ते दाखवतं. फाइल हीपएवढी मोठी होऊ शकते, तेव्हा डिस्कवर जागा ठेवा.

चालू टॉमकॅटवरच नवीन वॉर फाइल (अख्खं ॲप्लिकेशन बांधलेली एक फाइल) पुनःपुन्हा टाकत राहणं हेही गळतीचं एक कारण. जुन्या ॲप्लिकेशनचे क्लास कुणीतरी धरून ठेवतं आणि ते जात नाहीत. रात्री साइट बंद ठेवून टॉमकॅट थांबवा, फाइल बदला, चालू करा. जुनी वॉर तारीख घालून बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी तीच लागते.

मराठीचे प्रश्नचिन्ह

हा त्रास आपल्याकडं नेहमीचा, म्हणून जरा सविस्तर. नावाच्या जागी ‘????’ दिसणं आणि नावाच्या जागी युरोपातल्या भाषांसारखी टोप्या-रेघांची अक्षरं दिसणं, हे दोन वेगळे आजार आहेत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. ते तीन बाइट कुणीतरी तीन वेगळी लॅटिन अक्षरं म्हणून वाचले की दुसरा प्रकार होतो. त्यात मूळ बाइट शाबूत असतात, दुरुस्ती होऊ शकते. प्रश्नचिन्ह झालं म्हणजे मराठी अक्षर जिथं मावतच नाही अशा एन्कोडिंगमध्ये ते कोंबलं गेलं. ते डेटाबेसमध्ये लिहिलं गेलं असेल तर अक्षर कायमचं गेलं. बॅकअपशिवाय इलाज नाही.

जावा १८ च्या आधी, म्हणजे मार्च २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत, जावा आपलं एन्कोडिंग ऑपरेटिंग सिस्टिमकडून घ्यायची. म्हणून असा विचित्र प्रकार घडतो: तुम्ही लॉगिन करून हातानं टॉमकॅट चालू केला तर मराठी ठणठणीत, आणि लाइट जाऊन आल्यावर मशीननं आपोआप चालू केला तर प्रश्नचिन्हं. हातानं चालू करताना तुमच्या लॉगिनची भाषा मिळते, आपोआप चालू होताना कोणतीच मिळत नाही. सेटएन्व्हमध्ये ‘फाइल डॉट एन्कोडिंग’ यूटीएफ-८ लिहून टाका, प्रश्न मिटला. फॉर्ममधून येणाऱ्या मजकुरासाठी वेगळा एन्कोडिंग फिल्टर लागतो, तो टॉमकॅटमध्ये तयारच असतो. आणि मायएसक्यूएल ८.० च्या आधीचं असेल तर टेबल लॅटिन-१ मध्ये बनलेलं नाही ना, तेही बघा.

याच जातीचा दुसरा घोळ वेळेचा. क्लाउडवरच्या मशीनचं घड्याळ बहुतेक यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं, आपण त्याच्या साडेपाच तास पुढं. सकाळी दहाला लावलेली टेस्ट दुपारी साडेतीनला उघडते आणि पालकांचे फोन सुरू होतात. ‘युजर डॉट टाइमझोन’ला ‘एशिया/कोलकाता’ द्या.

लाइट, रात्र आणि बाकीचं

मशीन ऑफिसातच असेल तर लाइट हा ॲडमिनचाच विषय. टॉमकॅट सिस्टिमडीच्या (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणारी यंत्रणा) सर्व्हिसमधून चालवा, ‘एनेबल’ करा, आणि तो डेटाबेसनंतर चालू व्हावा असं त्यात लिहा. नाहीतर लाइट आल्यावर टॉमकॅट आधी उठतो, डेटाबेस सापडत नाही, आणि काही ॲप्लिकेशनं तिथंच मान टाकतात.

‘रोज सकाळी पहिल्या दोन-चार लोकांना एरर येते, मग चालतं’ ही तक्रार मायएसक्यूएलवाल्यांना हमखास येते. मायएसक्यूएल २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, न वापरलेलं कनेक्शन तोडून टाकतं. ऑफिस संध्याकाळी सातला बंद, सकाळी दहाला उघडतं. पूलला वाटतं कनेक्शन आहे, प्रत्यक्षात ते रात्रीच मेलेलं. देण्याआधी तपासून दे, म्हणजे ‘टेस्ट ऑन बॉरो’, हे चालू केलं की तक्रार बंद.

सुरक्षिततेचं मोजकंच सांगतो, पण हे टाळू नका. टॉमकॅट रूट म्हणून चालवू नका. ‘मॅनेजर’ ॲप्लिकेशन वापरत नसाल तर काढून टाका, वापरत असाल तर बाहेरच्या जगाला दिसू देऊ नका. पोर्ट ८०८० आणि ८००५ (टॉमकॅट बंद करायचं पोर्ट) फायरवॉलच्या आतच राहू द्या. जुन्या टॉमकॅटमध्ये ८००९ वर एजेपी (पुढच्या वेब सर्व्हरशी बोलायची वेगळी पद्धत) उघडं असायचं. त्यातूनच फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट ही भेग जाहीर झाली. डिसेंबर २०२१ ची लॉग४जे या लॉग लिहिणाऱ्या जावा लायब्ररीची भेग तर ॲप्लिकेशनच्या ‘लिब’ फोल्डरात असायची. म्हणजे टॉमकॅट अपडेट करूनही तुम्ही उघडेच. लेट्स एन्क्रिप्टचं, म्हणजे एचटीटीपीएससाठी फुकट मिळणारं सर्टिफिकेट आपोआप नवं होतंय ना, ते महिन्यातून एकदा बघा.

अपग्रेडला बसण्याआधी एक माहीत पाहिजे. टॉमकॅट ९ वरून १० वर जाताना पॅकेजचं नावच बदललं, ‘जावाएक्स’चं ‘जकार्ता’ झालं. जुनी वॉर १० च्या नेहमीच्या फोल्डरात टाकली तर ती चालत नाही. ‘वेबॲप्स-जावाईई’ नावाच्या फोल्डरात टाकली तर टॉमकॅट तिचं रूपांतर करून घ्यायचा प्रयत्न करतो, आणि साध्या ॲप्लिकेशनला ते पुरतं. टॉमकॅट १०.१ ला जावा ११ लागते, ११ ला जावा १७.

घरी सराव कसा करायचा

चालू सर्व्हरवर शिकू नका. जुना लॅपटॉप घ्या, उबंटू आणि टॉमकॅट टाका. थ्रेडची कमाल मर्यादा ३ करा, पूलची २, थांबायची मुदत काहीच देऊ नका. एक जेएसपी लिहा जी पूलमधून कनेक्शन घेते, तीस सेकंद झोपते आणि कनेक्शन परत ठेवत नाही. ती ब्राउझरच्या चार टॅबमध्ये उघडा. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून प्रत्येक टॅबमध्ये वेगळा आकडा द्या, कारण अगदी सारखा पत्ता असेल तर काही ब्राउझर स्वतःच रिक्वेस्टा एकामागोमाग एक पाठवतात आणि तुम्हाला वाटतं सर्व्हर अडकला. पहिले दोन टॅब तीस सेकंदांनी उघडतील. तिसरा आणि चौथा उघडणारच नाहीत. आता ‘किल मायनस तीन’ मारा, ‘बॉरोऑब्जेक्ट’वर उभे असलेले दोन थ्रेड शोधा, मग मुदत पाच सेकंद देऊन हेच परत करा आणि लॉगमध्ये कोणती ओळ पडते ते वाचा.